जहाजावर भावाचा हात चेंगरला, आता कंपनी ‘फुल अँड फायनल’वर सही मागते आहे, काय करावे?

मास्तर_कळंबा (प्रश्नकर्ता)

माझा धाकटा भाऊ पनामाचा झेंडा असलेल्या एका मालवाहू जहाजावर ए.बी. (डेकवरचा कुशल खलाशी) म्हणून नोकरीला होता. त्याचे वय २९ आहे. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील एका बंदरात जहाज धक्क्याला लावताना मूरिंगचा, म्हणजे जहाज बांधण्याचा, दोर विंचच्या (दोर ओढणाऱ्या यंत्राच्या) ड्रमवर अचानक घसरला आणि दोर व ड्रम यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. तिथल्या रुग्णालयात तर्जनीची दोन पेरे काढावी लागली, मधल्या बोटावर शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांनी त्याला विमानाने मुंबईला व तिथून कोल्हापूरला आणण्यात आले. जखम वरून भरली आहे, पण मधले बोट वाकत नाही, मूठ वळत नाही, गारठा असला की तर्जनीचे उरलेले टोक निळसर पडते आणि रात्री पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी तो कळवळतो.

मुंबईच्या मॅनिंग एजंटाने, म्हणजे जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या मध्यस्थाने, सोळा आठवडे पगार दिला आणि मग बंद केला. कंपनीच्या डॉक्टरांनी मुंबईत बोलावून हात पाच मिनिटे पाहिला आणि ‘हलक्या कामास योग्य’ असे लिहून दिले. आता एजंटाने दोन पानांचा इंग्रजी कागद पाठवला आहे. त्यात एक ठोक रक्कम असून, ती मिळाल्यावर जहाजमालक, एजंट व विमा कंपनी यांच्याविरुद्ध आजवरचे आणि पुढचे सर्व दावे सोडून दिले, असा मजकूर आहे. आठवडाभरात सही करा, नाहीतर रक्कम मागे घेऊ, असा फोन आला. शिवाय भाऊ चुकीच्या जागी उभा होता म्हणून दोष त्याचाच, आणि भांडण वाढवले तर पुढे कुठलेच जहाज मिळणार नाही, हेही सुचवून झाले आहे.

मी शाळेत शिक्षक आहे. समुद्राशी आमच्या घराचा याआधी कधी संबंध आला नव्हता. सही करावी की नाही, हाताचे पुढे काय करावे आणि कोल्हापुरात बसून दाद कुठे मागता येईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_चीफ_ऑफिसर

मास्तर, आठवडाभराची मुदत ही एजंटाने घातलेली आहे, कायद्याने नव्हे. त्यामुळे आधी ती मनातून काढून टाका. मी अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर काढली आहेत आणि मूरिंगच्या वेळी झालेले अपघात जवळून पाहिले आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

दोर ताणाखाली असताना पुढच्या डेकवर सुरक्षित म्हणावी अशी जागा फार थोडी उरते. पूर्वी दोर तुटल्यास तो कुठे उसळेल तेवढा भाग रंगाने आखून ठेवत. पुढे असे लक्षात आले की आखलेल्या पट्ट्याबाहेर उभा असलेला माणूसही सापडतो, म्हणून आता सबंध मूरिंग डेकच धोक्याचे मानावे, असा सल्ला दिला जातो. तेव्हा ‘चुकीच्या जागी उभा होता’ हे वाक्य ऐकायला सोपे असले, तरी त्याला ड्रमपाशी कोणी उभे केले, विंचच्या कंट्रोलवर कोण होते, आणि दोर चालवणाऱ्याला तुमचा भाऊ दिसत होता का, या तीन गोष्टींची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. दोर ड्रमवर घसरला म्हणता, त्यावरून दोराची झीज किंवा विंचचा ब्रेक यांपैकी एकाचा संशय येतो. सोलास या जहाजांच्या सुरक्षेबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारातील सुधारणेनुसार १ जानेवारी २०२४ पासून मूरिंगची उपकरणे आणि दोर यांची वेळोवेळी तपासणी व देखभाल करून तिच्या नोंदी ठेवणे जहाजांना बंधनकारक आहे. अपघाताआधीच्या महिन्यांतील त्या नोंदी मागा. भावाने किंवा सारंगाने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) ब्रेकबद्दल, दोराबद्दल व्हॉट्सॲपवर कोणाला काही लिहिले असेल, तर तो फोन जपून ठेवा आणि संदेशांच्या प्रती दुसरीकडे उतरवून घ्या.

दुसरी बाब विश्रांतीची. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार, ज्याला आम्ही एम.एल.सी. म्हणतो, कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. जहाजे मात्र रात्री-अपरात्री बंदरात शिरतात, आदला माल उतरवून झाल्यावर होल्डची (माल ठेवण्याच्या कोठाराची) धुलाई चालू असते आणि कागदावरचे विश्रांतीचे तास अनेकदा संध्याकाळी एकाच पेनाने भरले जातात. त्या तक्त्याची प्रत प्रत्येक कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे असा नियम आहे. भावाकडे ती असेल, तर अपघाताच्या आधीचे तीन दिवस नीट पाहा.

कागदपत्रांत सर्वांत आधी नोकरीच्या कराराची सही झालेली प्रत काढा. तिच्यासोबत सामूहिक करार जोडला आहे का आणि तो कोणत्या संघटनेशी झालेला आहे, ते पाहा. त्यानंतर कप्तानाचा अपघात अहवाल, लॉगबुकातील नोंद, परदेशी रुग्णालयाचे डिस्चार्ज पेपर, पगाराच्या पावत्या आणि सी.डी.सी.वरील (खलाशाच्या नोंदवहीवरील) साइन ऑफचा, म्हणजे जहाज सोडल्याचा, शिक्का पाहा. एजंटाकडे उपलब्ध नसलेले कागद लेखी ई-मेलने मागा, फोनवर मागू नका. साइन ऑफच्या पत्रात कारण काय लिहिले आहे, ते आवर्जून तपासा. ‘वैद्यकीय कारणास्तव’ऐवजी ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे लिहिलेली पत्रे मी पाहिली आहेत. दुखण्यात असलेला माणूस समोर येईल तिथे सही करतो आणि ते दोन शब्द पुढे वर्षभर त्याला नडतात.

इचलकरंजीचा_पाहुणा

माझ्या मेहुण्याचे असेच झाले होते. तीन वर्षे मुंबईच्या फेऱ्या, वकिलाची फी, महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटे, आणि शेवटी पदरात पडले ते सुरुवातीला देऊ केलेल्या रकमेच्या आसपासच. देतात ते घ्यावे आणि मुलाला इथे एखादे दुकान काढून द्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. परदेशी मालकाला कोल्हापुरातून कोण हलवणार?

हात_आणि_मनगट (अस्थिरोग, कोल्हापूर)

वरच्या सदस्यांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु मास्तरांनी जी लक्षणे लिहिली आहेत ती वाचून मला रकमेआधी हाताची काळजी वाटते, म्हणून वैद्यकीय बाजू मांडतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरूनच वाचावे.

पांघरुणाच्या स्पर्शानेही होणारी असह्य वेदना, हाताचा रंग व तापमान बदलणे, सूज, घाम, त्वचा तुकतुकीत दिसणे, नखे वेगळ्याच गतीने वाढणे ही लक्षणे एकत्र असतील, तर सी.आर.पी.एस. नावाच्या दीर्घकालीन वेदनेच्या विकाराची शक्यता तपासावी लागते. चेंगरलेल्या हातात तो उद्भवू शकतो, आणि जखम भरली तरी वेदना वाढत जाणे हेच त्याचे वैशिष्ट्य असते. लवकर ओळखला तर औषधे आणि नेमकी फिजिओथेरपी यांचा चांगला उपयोग होतो; दुखते म्हणून हात बगलेत धरून महिनोन्‌महिने हलवलाच नाही, तर सांधे आखडतात आणि पुढचे उपचार अवघड होतात. गारठ्यात टोक निळे पडणे व ठणकणे हे मात्र बोट कापावे लागलेल्या अनेक रुग्णांत स्वतंत्रपणेही दिसते. कापलेल्या टोकाशी एका विशिष्ट ठिकाणी टिचकी मारल्यावर वीज चमकल्यासारखी कळ येत असेल, तर तिथे मज्जातंतूची गाठ झाली आहे का, हेही पाहावे. मधले बोट वाकत नाही याचे कारण सांध्यात आहे, स्नायूबंध चिकटल्यामुळे आहे की तो तुटला आहे, यावर दुसरी शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरते.

म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. त्या अहवालात प्रत्येक सांधा किती अंश वाकतो, डायनॅमोमीटरवर दोन्ही हातांच्या पकडीची ताकद किती आहे, चिमटीची पकड किती आहे, संवेदना कुठे बधिर आहे, आणि मज्जातंतूंच्या चाचणीचा निष्कर्ष काय, हे आकड्यांत लिहून मागा. ‘हलक्या कामास योग्य’ या शेऱ्याने डेकवरच्या माणसाचे काहीच ठरत नाही. ए.बी.ला ओला दोर ओढायचा असतो, हलत्या जहाजावर उभी शिडी चढायची असते, आणि ती चढताना उजव्या हाताची पकड सुटली तर खाली लोखंडी डेक असते. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना भावाच्या कामाचे स्वरूप अर्ध्या पानावर लिहून द्या, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी जहाजाचे डेक कधी पाहिलेले नसते.

दुसरी शस्त्रक्रिया होण्याची शक्यता असेल, तर कायमचे अपंगत्व किती हे आजच ठरवणे वैद्यकीयदृष्ट्याही घाईचे होईल. दुखापत स्थिरावल्यावर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढता येते. अर्ज ऑनलाइन करावा लागतो. त्यावरची टक्केवारी शरीराच्या हानीची असते. कमाईची क्षमता किती गेली, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या कार्डावर नसते.

झोप, चिडचिड, अपघाताचा क्षण वारंवार डोळ्यांसमोर येणे, दोर किंवा साखळीचा आवाज ऐकून दचकणे, याबद्दल त्याला कोणी विचारले आहे का? घरी आलेला कमावता तरुण आईसमोर याबद्दल बोलत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा नेणे उपचारासाठी आवश्यक आहेच. त्याची नोंद पुढे दाव्यातही उपयोगी पडते.

वकील_कसबा_बावडा

मास्तरांच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत, आणि एजंटाला त्या मिसळलेल्याच राहायला हव्या आहेत. सोळा आठवडे ही आजारपणातील पगार आणि उपचारखर्च यांच्या संदर्भातील मर्यादा आहे. एम.एल.सी.नुसार देशाचा कायदा ही जबाबदारी मर्यादित करू शकतो, परंतु दुखापतीच्या दिवसापासून सोळा आठवड्यांहून कमी करू शकत नाही. म्हणजे सोळा आठवडे ही किमान पातळी आहे. करारात याहून जास्त कबूल केले असेल, तर जास्त द्यावे लागते. कायमच्या अपंगत्वाची भरपाई हे पूर्णपणे निराळे देणे आहे आणि सोळावा आठवडा उलटल्याने ते संपत नाही. भारताने हा करार ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला, वर्षभराने तो आपल्याकडे लागू झाला. पनामाही त्याचा सदस्य आहे.

या करारातील २०१४ च्या दुरुस्त्या १८ जानेवारी २०१७ पासून अमलात आहेत आणि तुमच्या हातातील दोन पानांना खरे उत्तर त्यांतच आहे. मृत्यू व दीर्घकालीन अपंगत्व यांबद्दल करारात ठरलेली भरपाई देता यावी म्हणून जहाजमालकाने विम्यासारखी आर्थिक हमी ठेवायची, तिचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावायचे, आणि ठरलेली भरपाई पूर्ण व विनाविलंब द्यायची, असे त्यांत म्हटले आहे. कराराच्या रकमेपेक्षा कमी रक्कम स्वीकारण्यासाठी कर्मचाऱ्यावर दडपण आणता येत नाही. अपंगत्वाचे स्वरूप असे असेल की पूर्ण भरपाई ठरवणे लगेच शक्य नाही, तर दरम्यान अंतरिम रक्कम द्यायची आहे, आणि ती स्वीकारल्याने त्याचे इतर कायदेशीर हक्क बुडत नाहीत. डॉक्टरसाहेबांनी वर जे लिहिले आहे, त्यानुसार तुमचा भाऊ नेमका या स्थितीत आहे. प्रमाणपत्राचा फोटो एखाद्या सहकाऱ्याकडून मागवा. त्यावर विमा देणाऱ्याचे नाव व संपर्क असतो. बहुधा तो एखादा पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांची परस्पर विमा संस्था, असेल. त्याच्याकडे भाऊ स्वतः किंवा त्याच्या वतीने तुम्ही थेट मागणी नोंदवू शकता.

रक्कम किती, हे सामूहिक करार सांगतो. करार आय.टी.एफ. या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला मान्य असलेला असेल, तर अशा करारांत साधारणतः कंपनीच्या डॉक्टरांचे मूल्यांकन अंतिम नसते. कर्मचाऱ्याच्या डॉक्टरांचे मत वेगळे पडल्यास कंपनी व संघटना मिळून तिसरा डॉक्टर नेमतात आणि त्याचा निर्णय दोघांवरही बंधनकारक असतो. शिवाय टक्केवारी पन्नासहून कमी आली, तरी कंपनीच्या डॉक्टरांनी समुद्रावरच्या कोणत्याही कामास कायमचा अयोग्य असे प्रमाणित केले, तर पूर्ण भरपाईची तरतूद त्या करारांत आढळते. डेकवर पुन्हा उभा राहू शकतो का, हा प्रश्न म्हणूनच टक्केवारीपेक्षा मोठा आहे, आणि ‘हलक्या कामास योग्य’ हा शेरा तिथेच अडथळा आणण्यासाठी लिहिला गेला असावा, असा माझा संशय आहे.

दोष त्याचाच, या मुद्द्याबद्दल. हेतुपुरस्सर गैरवर्तन आणि साधी गफलत यांत कायदा फरक करतो. जहाजमालकाची जबाबदारी पहिल्याने टळू शकते, दुसरीने नाही. ड्रमजवळ एक पाऊल पुढे उभे राहणे हे हेतुपुरस्सर गैरवर्तन होते, असे कोणी लेखी म्हणणार असेल तर म्हणू द्या.

भारतीय कायद्याचा मार्ग दुसरा. अपघात सप्टेंबरातला, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली त्या २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा असल्याने कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ पाहावा लागेल. त्यात खलाशांचा स्पष्ट समावेश आहे, अर्ज कर्मचारी राहतो त्या भागातील आयुक्तांकडे करता येतो, आणि आपल्याकडे हे काम कामगार न्यायालय पाहते. हिशेबासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, मग प्रत्यक्ष पगार डॉलरमध्ये कितीही असो. २९ वर्षांसाठीचा गुणक २०९.९२ आहे. संपूर्ण कायमच्या अपंगत्वाला वेतनाचे साठ टक्के गुणिले हा गुणक, म्हणजे १८,८९,२८० रुपये होतात. अंशतः अपंगत्वाला याच रकमेचा कमाईक्षमतेच्या घटीइतका भाग मिळतो. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरे गेल्यास ११ टक्के असे छापलेले आहे; नुसते तेवढेच धरले तर हातात येतात सुमारे २ लाख ८ हजार. परंतु वाकत नसलेले मधले बोट आणि ती वेदना परिशिष्टात बसत नाहीत, त्यासाठी डॉक्टरांनी कमाईक्षमतेची घट ठरवायची असते. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात डावा हात कोपरावरून कापावा लागलेल्या सुताराची कमाईक्षमता सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण गेली असे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डेकवरच्या खलाशासाठी हा युक्तिवाद ताकदीने मांडता येतो. रक्कम वेळेत न दिल्यास त्यावर व्याज व दंडाचीही तरतूद आहे. मालक परदेशी असल्याने अधिकारक्षेत्रावर हरकत घेतली जाईल, हे मात्र धरून चाला, आणि म्हणून एजंटालाही पक्षकार करा.

इचलकरंजीच्या पाहुण्यांनी विचारले की परदेशी मालकाला कोण हलवणार. ॲडमिरल्टी कायदा, २०१७ या सागरी दाव्यांच्या कायद्यानुसार जहाज भारतीय बंदरात आले की व्यक्तिगत दुखापतीच्या दाव्यासाठी उच्च न्यायालय ते अडकवून ठेवू शकते. माल भरलेले जहाज बंदरात अडकले की मालकाची घाई सुरू होते आणि बोलणी वेगळ्याच गतीने पुढे सरकतात. पण दुखापतीबद्दलचा जहाजावरचा सागरी धारणाधिकार, म्हणजे दाव्यापोटी जहाजावरच असलेला हक्क, एक वर्षाने संपतो, म्हणजे तुमच्या बाबतीत येत्या सप्टेंबरच्या अखेरीस. कोल्हापूरला सर्किट बेंच आले असले तरी ॲडमिरल्टीचा सराव असलेला वकील तुम्हाला मुंबईतच शोधावा लागेल. १९२३ च्या कायद्याखालील अर्जाला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिच्या शेवटापर्यंत थांबू नका.

एजंटाविरुद्ध तक्रार डी.जी. शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाकडे, करावी. खलाशी भरती व नेमणूक नियम, २०१६ प्रमाणे त्याच्याकडे आर.पी.एस.एल. हा खलाशी भरतीचा परवाना हवा, तो आहे का, हे संचालनालयाच्या संकेतस्थळावर दिसते. पुढे जहाज मिळणार नाही, ही धमकी फोनवर देणारा एजंट परवान्याचा विषय निघाला की बहुतेक वेळा सौम्य होतो.

मिरकरवाड्याची_सून

विषयाला थोडे सोडून लिहिते, क्षमस्व. वरील सगळे व्यापारी जहाजांसाठी आहे. रत्नागिरीच्या ट्रॉलरवर हात गेला तर एम.एल.सी. लागू होत नाही, कारण त्या करारातून मासेमारी नौका वगळल्या आहेत. मासेमारीसाठी निराळा आंतरराष्ट्रीय करार आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. नोंदणी केलेल्या मच्छीमारांना प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख आणि अंशतः अपंगत्वाला अडीच लाख रुपये मिळतात. आजऱ्या-चंदगडाकडून आमच्याकडे खलाशी म्हणून येणाऱ्या मुलांची नोंदणी बरेचदा झालेलीच नसते. कोणाच्या घरचे असतील तर हंगामाआधी पाहून घ्या.

मास्तर_कळंबा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल भावासोबत बसून कागद काढले. साइन ऑफच्या पत्रात ‘वैद्यकीय कारणास्तव’ असेच आहे, आणि नोकरीच्या करारात सामूहिक कराराचा उल्लेख आहे, पण त्याची प्रत जोडलेली नाही. विंचच्या ब्रेकबद्दल त्याने ऑगस्टमध्येच सेकंड मेटला (जहाजावरच्या अधिकाऱ्याला) संदेश पाठवला होता, तोही सापडला. हाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोन अडचणी मात्र उरल्या आहेत. भावाचा पासपोर्ट व सी.डी.सी. ‘पुढच्या प्रक्रियेसाठी’ म्हणून एजंटाने ठेवून घेतले आहेत. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला पैसे लागणार असल्याने, सही न करता थोडीफार रक्कम घेता येईल का, असे आई विचारते आहे. वकिलाची फी भरण्याइतकी आमची सध्या परिस्थिती नाही, हेही स्पष्टच लिहितो.

निवृत्त_चीफ_ऑफिसर

सामूहिक कराराची प्रत एजंट देत नसेल, तर संघटनेकडे मागा. भारतीय खलाशांसाठी नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया आहे, जिला सगळे नूसी म्हणतात. तिचे कार्यालय मुंबईत आहे. भावाच्या पगारातून संघटनेची वर्गणी कापली गेली आहे का, हे पगाराच्या पावतीवर पाहा. कापली असेल, तर तुम्ही तिथे उपकार मागायला जात नाही आहात.

वकील_कसबा_बावडा

पासपोर्टबद्दल आधी. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. मॅनिंग एजंटाला तो तारण म्हणून अडकवून ठेवता येत नाही. पासपोर्ट व सी.डी.सी. अमुक तारखेपर्यंत कुरिअरने परत करावेत, असा ई-मेल एजंटाला पाठवा आणि त्याची प्रत डी.जी. शिपिंगच्या तक्रार विभागाला द्या. एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. न झाल्यास पोलिसांत तक्रार करता येते.

फीबद्दल चिंता करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आमच्या न्यायसंकुलातच आहे. १९८७ च्या कायद्यानुसार अपंग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र असते, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर त्या आधारेही मिळू शकते. कामगार न्यायालयातला अर्ज त्यांच्या वकिलामार्फत होऊ शकेल.

पैशांबद्दल आईंना सांगा की घेता येतील. आलेला दोन पानांचा कागद सही न करता परत पाठवा आणि सोबत भावाच्या सहीचे पत्र जोडा. त्यात लिहावे की दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला अपेक्षित असल्याने कायमच्या अपंगत्वाचे मूल्यांकन अद्याप शक्य नाही, सबब एम.एल.सी.च्या मानक ए ४.२.१ नुसार अंतरिम रक्कम व शस्त्रक्रियेचा खर्च द्यावा. पत्र एजंटाला, जहाजमालकाला आणि विमा देणाऱ्याला, तिघांनाही जाऊ द्या. रक्कम बँकेच्या खात्यावरच घ्या, रोख नको. पावती मागितली, तर त्यांच्या छापील मसुद्यावर सही न करता स्वतःच्या कागदावर एवढेच लिहून द्या: ‘दि. … रोजीच्या अपघाताबाबत रु. … इतकी अंतरिम रक्कम मिळाली. ही रक्कम अंतिम भरपाई नसून, करारान्वये व कायद्यान्वये असलेले माझे सर्व हक्क अबाधित ठेवून ती स्वीकारली आहे.’ हीच दोन वाक्ये खाली इंग्रजीतही लिहावी लागतील. त्यांचा मसुदा मी उद्या संध्याकाळपर्यंत इथे टाकतो. उजव्या हाताने सही जमत नसल्यास डाव्या हाताची सही किंवा अंगठा चालेल, पण शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि सही तशी का केली, ते एका ओळीत नमूद करा.